घोड्यावरचा जवाई

प्रमोद,

तुझ्या तेरवीला मी पंगतीत बसलो नाही. वरणाची बादली उचलली आणि वाढत सुटलो. तुझ्या काकांपैकी कोणीतरी म्हणालं, "जवाई कुठं वाढते का गा?" त्यावर दुसरे म्हणाले, "वाढू द्या त्याले. साळा गेला त्याचा." लोकांना वाटलं, दुःखामुळे मला घास उतरणार नाही. दुःख होतंच. पण कारण दुसरं होतं, आणि ते तुझ्या आईला आणि तुझ्या बायकोला, रेखाला, सोडून तिथं कोणालाच माहीत नव्हतं. तुझ्या घरचं वाढलेलं ताट सोडून मी निघून गेलो होतो. त्यानंतर त्या घरातला पहिला घास तुझ्या तेरवीचा घ्यायचा, हे मला जमेना. म्हणून बादली धरली.

लोक भेटायला येतात तेव्हा विचारतात, तुमचं फार जमायचं ना? मी हो म्हणतो. मग ते विचारतात, काय करायचे तुम्ही दोघं? तिथं मी अडकतो. पन्नाशीला आलेली दोन माणसं रविवारी टीव्हीसमोर बसून राक्षस मारायची, हे तेरवीच्या मांडवात कसं सांगणार? "गप्पा मारायचो," असं सांगतो. ते खोटंही नाही.

तुझ्या बहिणीशी, मंदाशी, माझं लग्न झालं तेव्हा तू कॉलेजात होतास. हुडकेश्वरला तेव्हा तुमच्या घरापुढे रस्ता नव्हता, नुसती मुरमाची वाट होती. मी नरखेडकडच्या गावातला, वाडीच्या गोदामात नुकताच चिकटलेला. सासुरवाडीत काय बोलावं ते मला समजत नसे. मला उशी लावलेल्या खुर्चीत बसवायचे, समोर चिवडा ठेवायचे आणि सगळे आत निघून जायचे. जावई म्हणजे दिवाणखान्यात ठेवलेली वस्तू. अशाच एका दिवाळीत तू दारातून डोकावलास आणि म्हणालास, "भाऊजी, गेम पाहता का?"

त्या तुझ्या खरखर करणाऱ्या कॉम्प्युटरवर मी पहिल्यांदा ते राज्य पाहिलं. किल्ले, दलदल, बोलणारे कावळे, आणि घोड्यावरचा एक माणूस, ज्याला नाव आपण द्यायचं. तू इंग्रजी अक्षरांत 'जवाई' लिहिलंस. त्यामुळे पुढे सगळे राजे आणि सरदार त्याला "जवाई" म्हणूनच हाक मारू लागले. मी लाजलो. तू म्हणालास, "आता पाहा, जवाई तो हाये, घोड्यावरचा. तुमी नाही. इथं तुमचा मान गिन नाही भेटणार."

मला ते फार आवडलं. तुला कधी सांगितलं नाही.

त्या खेळात लढाईपेक्षा निर्णय जास्त. कोणाला सोडायचं, कोणाला पकडून द्यायचं, खरं सांगायचं की गप्प राहायचं. आज घेतलेला निर्णय कितीतरी पुढे जाऊन अंगावर येतो. आपण नियम केला होता. एकाचा हात, दुसऱ्याचा निर्णय. ज्याच्या हातात बटनं त्याने फक्त दाबायचं, ठरवायचं दुसऱ्याने. मोठा निर्णय झाला की पाळी बदलायची. आणि मागे जाऊन निर्णय फिरवायचा नाही.

खेळातलं बोलणं इंग्रजीत. माझं इंग्रजी मालाच्या बिल्टीवरचं गावाचं नाव वाचण्यापुरतं. म्हणून तू सगळ्यांची सोंगं घेऊन मला ते आपल्या बोलीत सांगायचास. "राजा म्हणून राहिला का, बाप्पा, तुया घोड्याले दाणा गिना भेटला का नाही?" दलदलीतली चेटकीण तुझ्या तोंडून हुबेहूब तुमच्या शेजारच्या काकूंसारखी बोलायची. आई स्वयंपाकघरातून हसायची. मी त्या राज्यात वर्षानुवर्षं हिंडलो तो तुझ्या आवाजातच.

मग तो भाग संपला, तो कॉम्प्युटर भंगारात गेला, तुझं लग्न झालं, पोरं झाली. आपण सणावारी भेटणारे साळे-भाऊजी झालो. तू मला "या भाऊजी" म्हणायचास, पहिलं ताट माझं असायचं, पहिली पोळी माझी. मी काहीही बोललो तरी तू "बरोबर हाये" म्हणायचास. ते मला कधी खटकलं नाही. खटकायला हवं होतं का, हे आता समजत नाही.

गेल्या दिवाळीनंतर तुझा फोन आला. "भाऊजी, दुसरा भाग आला. टीव्हीले लावाचं मशीनही आणलं." कशाचा, असं मी विचारलंसुद्धा नाही. मंदा म्हणाली, "दोघायलेही चष्मे लागले, आता जा म्हणा घोड्यावर." आणि मी खरंच दर रविवारी सकाळी वाडीहून हुडकेश्वरला येऊ लागलो.

दुसरा भाग सुरू होताच त्याने आपल्याला विचारलं, पहिल्या भागात तुम्ही काय काय केलं होतं? कान तुटलेला तो तीरंदाज चोर, त्याला जिवंत सोडलं होतं का? आपण दोघंही एकदम "सोडलं होतं" म्हणालो. मग तू म्हणालास, "मीच म्हटलं होतं सोडा. तुमी तर फाशी द्या म्हणत होते." मी म्हणालो, "उलटं. मी सोडा म्हटलं, तू तलवार काढून बसला होतास." अर्धा तास आपण त्यावर भांडलो. रेखा म्हणाली, "वीस वर्षांआधीच्या चोरासाठी चहा थंडा करून राहिले." तो वाद मिटला नाही. आता तो मिटवायला दुसरं कोणी नाही, आणि गंमत अशी की मलाही आता खात्री वाटत नाही. कधी डोळ्यांसमोर येतं ते तू म्हणतोस तसंच येतं.

तो कानतुट्या मात्र आपल्यासोबतच राहिला. दुसऱ्या भागात तो आपला सोबती होता. रात्री शेकोटीपाशी बसायचा, जवाईच्या जखमा बांधायचा. आई तर त्याच्याबद्दल घरातल्या माणसासारखं विचारायची. "तो कान्या हाये का अजून?"

त्या रविवारबद्दल मला लिहायचं नव्हतं. पण ते टाळलं तर बाकी सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी मंदा आली नव्हती. हात माझा होता, निर्णय तुझा. खेळातल्या एका तटबंदीच्या गावात कोणीतरी आतून दार उघडलं होतं, शत्रू घुसला होता, माणसं मेली होती. आणि उघडणारा आपला कानतुट्याच निघाला. त्याची पोरगी शत्रूच्या कैदेत होती. गावचे म्हातारे चौकात जमून जवाईला विचारत होते, दार कोणी उघडलं? खाली दोन ओळी आल्या. एक, नाव सांगायचं. दुसरी, मीच उघडलं म्हणायचं.

"सांगून टाकू," मी म्हणालो.

"नाही भाऊजी. तो काय म्हणून राहिला पाहा ना. म्हणते, आपण एका ताटात जेवलो. मले गावाच्या हवाली नको करू."

"माणसं मेली गा. मंग त्यानं आधी आपल्याले सांगायचं होतं."

"कसा सांगन? तुमाले सांगन? तुमी तर भरलेली गाडी वापस पाठवता."

आपण दोघंही हसलो. गोदामात दिवसभर मी नाहीच म्हणत असतो. आज गाडी लागणार नाही, हमाल नाहीत, कागद अर्धवट आहेत, परत जा. माझं कामच ते. इथपर्यंत सगळं रोजच्यासारखं होतं. मी बटन दाबलं असतं तर आपण जेवायला उठलो असतो.

पण मी दाबलं नाही. मला त्या दुसऱ्या ओळीचा राग आला. दुसऱ्याचं पाप स्वतःच्या अंगावर घ्यायचं, हे तू ऑफिसातही केलं होतंस. चूक दुसऱ्याची, ऐकून घेतलं तू, आणि बढती गेली तुझी. तेव्हापासून ते माझ्या मनात सलत होतं. मी म्हणालो, "तुयं आयुष्यभर हेच चाललं. कोणाले नाही म्हणता येत नाही तुले, प्रमोद."

तू टीव्हीकडेच बघत होतास. आवाज चढवला नाहीस. "तुमाले म्हणून राहिलो ना," तू म्हणालास. "नाही म्हणूनच तर राहिलो."

त्या क्षणी मला काय झालं, याचा मी इतके दिवस विचार करतो आहे. वर्षानुवर्षं मीच तुला सांगत होतो, नाही म्हणायला शीक. आणि तू पहिला 'नाही' मला म्हणालास तेव्हा मी साळ्यासमोरचा जावई झालो. घोड्यावरचा नाही, खुर्चीवरचा. हातातलं ठेवलं आणि उठलो. आई कोथिंबिरीचे हात पुसत आतून आली, म्हणाली, "जवाईबापू, वाढलं हाये. सांभारवडी केली तुमच्यासाठी." मी म्हणालो, गोदामात जायचं आहे. रेखा ताटापाशी उभी होती. जावई वाढलेल्या ताटावरून उठून जातो तेव्हा त्या घराला काय होतं, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी तसं केलं असेन का? ह्या प्रश्नाचं उत्तर शोधायची मला भीती वाटते.

तू अनवाणी फाटकापर्यंत आलास. माझं हेल्मेट हातात घेऊन. "भाऊजी, जेवून जा," म्हणालास. बाकी काही नाही. खेळाबद्दल एक शब्द नाही. मी हेल्मेट घेतलं आणि गाडीला किक मारली. मंदाला सांगितलं, जेवून आलो. संध्याकाळपर्यंत उपाशी राहिलो, आणि ते उपाशी राहणंही मला तेव्हा मोठेपणाचं वाटलं.

दोन-तीन दिवसांनी तुझा मेसेज आला. "भाऊजी, तुमचंच बरोबर होतं. तुमी म्हणता तसंच करून टाकलं. रविवारी या, आई पाटोडी करून राहिली."

मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. तेवढंच. मला बरं वाटलं होतं, प्रमोद. जिंकल्यासारखं वाटलं होतं. रविवारी आलो मात्र नाही, गोदामात गाड्या आहेत म्हणून कळवलं. एकच गाडी होती आणि ती सकाळीच लागून गेली होती. पुढच्या रविवारी जाऊ असं ठरवलं होतं. त्याच्या आत रेखाचा फोन आला, आणि फोनवर ती बोलत नव्हती, नुसती मंदाला बोलवा म्हणत होती.

आईने आणि रेखाने मंदाला ते ताटाचं कधीच सांगितलं नाही. मीही सांगितलेलं नाही. तिचा भाऊ गेला आहे, आणि मी तिच्या शेजारी बसून तिला पाणी देतो तेव्हा मला वाटतं, मी तिच्यापासून काहीतरी दडवून बसलो आहे. हे पत्र ती वाचेल. वाचल्यावर काय म्हणेल, मला अंदाज नाही.

तेरवीनंतरच्या रविवारी मी तुमच्या घरी गेलो. मंदा आतल्या खोलीत तुझ्या पोरीपाशी होती. रेखा म्हणाली, "भाऊजी, ते मशीन तुमी घेऊन जा. नाहीतर माया भावाच्या घरी देऊन टाकू. मले पाहवत नाही ते." मी म्हणालो, एकदा लावून पाहतो. आई दिवाणावर येऊन बसली.

मला वाटलं होतं, कानतुट्या फासावर गेलेला असेल, जवाई घोडा घेऊन पुढच्या मुलखात पोचलेला असेल. तू तसंच कळवलं होतंस. पण पडद्यावर तोच चौक उघडला. तेच म्हातारे. मागे मान खाली घालून उभा असलेला कानतुट्या. आणि खाली त्याच दोन ओळी. तू काहीच दाबलं नव्हतंस. मी जिथं ठेवून उठलो होतो तिथंच सगळं उभं होतं.

मग मेसेज कशाला पाठवलास? मी जेवायला यावं म्हणून? जावयाची समजूत काढायची असते म्हणून? की मी आल्यावर माझ्याच हाताने दाबून घ्यायचं होतं, हात माझा होता म्हणून? की दाबणार होतास आणि वेळ झाली नाही? प्रत्येक उत्तर खरं वाटतं. तोंडाने तू हो म्हणालास आणि तुझा 'नाही' तसाच सांभाळून ठेवलास, असं मानलं तर मला उभारी येते. पण ती माझी सोय असेल. तू फक्त थकलाही असशील.

खेळात मागचं बोलणं पुन्हा वाचता येतं. ते बटन तूच दाखवलं होतंस. मी मोबाईल शेजारी ठेवला, एकेक शब्द शोधत कानतुट्याचं बोलणं वाचलं. माझी पोरगी त्यांच्याकडे आहे. दार मी उघडलं. तुला जे करावं लागेल ते कर. बस. पुन्हा वाचलं. मागेपुढे शोधलं. एका ताटात जेवल्याचं त्यात कुठंच नाही. गावाच्या हवाली नको करू, हेही नाही. त्या माणसाने काहीच मागितलं नव्हतं. ते तू घातलं होतंस.

म्हणजे ते कोण म्हणत होतं, प्रमोद? तो, की तू? आणि मी कोणाला नाही म्हणून उठलो? मग मला वाटू लागलं, राजाने घोड्याच्या दाण्याची चौकशी केली होती का? त्या चेटकिणीने पहिल्या भागात मला "जवाई, तुयं चांगलं होईन" म्हटलं होतं, ते तिने म्हटलं होतं का? नोकरी जाते की राहते अशी परिस्थिती होती तेव्हा माझी. ते ऐकून मी घरी गेलो होतो तो हलका होऊन. इतकी वर्षं मी त्या राज्यातल्या माणसांशी बोलत होतो असं समजत होतो. आता काय समजायचं?

मी दुसरी ओळ दाबली. मीच उघडलं. मला पटलं म्हणून नव्हे. मला अजूनही वाटतं की गावाला खरं सांगायला हवं होतं. मेलेल्या माणसांच्या पोरांना ते समजायला हवं. तू असतास तर मी पुन्हा तेच बोललो असतो, फक्त उठलो नसतो. पण निर्णय तुझा होता आणि हात माझा. एवढंच एक स्पष्ट होतं.

म्हातारे ओरडले. दगड पडले. जवाईला घोड्यासकट वेशीबाहेर काढलं. कानतुट्या वेशीपर्यंत धावत आला, जवाईकडे पाहून एक वाक्य बोलला आणि थांबला. मी ते सावकाश वाचलं. निघून जा, त्यांचं मन बदलायच्या आत, असं काहीसं होतं.

मागून आईने विचारलं, "काय म्हणते तो कान्या?"

किती वर्षं ती तुझा आवाज ऐकत आली होती. त्या वाक्याला आता माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"म्हणते, जेवून जा," मी म्हणालो.

आईने पदर डोळ्यांना लावला असेल, मी मागे वळून पाहिलं नाही. मग तिचा नेहमीचा आवाज आला. "मंग बसले काहून? हात धुवा."

साधं वरण-भात होतं, वांग्याची भाजी होती. रेखाने ताट वाढलं, मंदा येऊन शेजारी बसली. आईने दुसऱ्यांदा भात वाढायला घेतला तेव्हा मी नको म्हणालो. तिने ऐकलं नाही. मी सगळं जेवलो, प्रमोद.

मशीन मी आणलं नाही. रेखाला म्हणालो, काही दिवस इथंच राहू दे. ती हो म्हणाली, का ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. घोडा वेशीबाहेर उभा आहे, पुढे तीन वाटा फुटतात. नियमाप्रमाणे आता पाळी बदलली. निर्णय माझा, आणि हात तुझा.